एसजी आयर्नमधून आवाज किती वेळात जातो, हे मोजायचं कशानं? काउंटर, स्कोप की टीडीसी चिप

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेस, एसजी आयर्नच्या (ग्राफाइट गोल गोळ्यांच्या रूपात असलेलं ओतीव लोखंड) कास्टिंगमध्ये नोड्युल, म्हणजे ते ग्राफाइटचे गोळे, नीट पडलेत का हे न कापता कळावं म्हणून अल्ट्रासॉनिकचा आवाज धातूतून जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायलायस, अर्डुइनोवर रीडिंग नुसतं उड्या मारायलंय, आणि आता कुणीतरी २० पिकोसेकंदवाला जुना टाइम इंटरव्हल काउंटर (दोन पल्समधला वेळ मोजायचं यंत्र) विकायला काढलाय तो घेऊ का, की टीडीसीची (टाइम-टू-डिजिटल कन्व्हर्टर, वेळेचा थेट आकडा देणारी) चिप लावू, की स्कोपवरच, म्हणजे ऑसिलोस्कोपवरच, भागतंय. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झालीत असं तूच लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतो.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. काउंटर घेऊ नको. तो चांगला आहे, मला स्वतःला ती मशीन फार आवडते, पण तुझी चूक तो पकडणार नाही. पहिल्यांदा स्कोप लाव आणि इको डोळ्यानं बघ. मग रोजच्या वापराला काहीतरी कायमचं बनवायचं असेल तर टीडीसी चिप. आणि त्याच्याही आधी स्टोअरमध्ये साधा अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज पडलाय का बघ, त्याचं काय करायचं ते खाली सांगतो. काउंटर-स्कोपची रिपेरी आणि कॅलिब्रेशन यातच माझं आयुष्य गेलंय, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या बऱ्याच फाउंड्र्यांत गेलोय, आणि लहान वेळ मोजायला लागलं की सगळीकडे एकच गोष्ट दिसते, लोक घड्याळ भारीतलं घ्यायला बघतात आणि घड्याळ नक्की कधी सुरू करायचं आणि कधी बंद करायचं हे ठरवणाऱ्या सर्किटकडे कुणी बघत नाही, खरी चूक तिथं बसलेली असते.

तुला किती बारीक मोजायचंय ते आधी कागदावर काढूया. समज २५ मिलिमीटर जाडीचा भाग आहे, आवाज जाऊन परत येणार म्हणजे ५० मिलिमीटर. चांगल्या नोड्युलर लोखंडात आवाजाचा वेग साधारण ५६०० मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ८.९३ मायक्रोसेकंद लागले. ग्राफाइट गोल करणारं मॅग्नेशियम कमी पडलं आणि ग्राफाइट गोल न राहता वर्मिक्युलरकडे, म्हणजे अळीसारख्या लांबट आकाराकडे, झुकलं की वेग ५३०० च्या आसपास येतो, तेव्हा वेळ ९.४३ मायक्रोसेकंद. ग्रे आयर्न, ज्यात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं असतं, त्याच्याही बरंच खाली, ५००० च्या आत. म्हणजे पास आणि रिजेक्ट यांच्यात फरक आहे अर्ध्या मायक्रोसेकंदाचा, ५०० नॅनोसेकंद. त्याचे वीस भाग करता आले तरी तुझं काम होतंय, म्हणजे २५ नॅनोसेकंद. ५ नॅनोसेकंद मिळाले तर वेग ३ मीटर प्रति सेकंदापर्यंत कळतोय, त्याच्यापुढं फाउंड्रीत काय गरज नाही.

आता जाडीकडे बघ. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, २५ वर तेवढी चूक धरली तर ०.०८ टक्के, वेळेत बघितलं तर ७ नॅनोसेकंद. हे घासलेल्या पृष्ठभागावर. फेटलिंग, म्हणजे नुसती साफसफाई, करून तसंच आलेलं वाळूच्या खरखरीत स्किनचं कास्टिंग असेल तर ०.१ मिलिमीटर इकडं तिकडं सहज होतंय, म्हणजे ३६ नॅनोसेकंद गेलेच. आणि २० पिकोसेकंदात आवाज लोखंडातून किती जातो माहीत आहे का, ०.११ मायक्रॉन. ग्राइंडिंग केलेला पृष्ठभागसुद्धा तेवढा गुळगुळीत नसतो रे. म्हणून म्हटलं, त्या काउंटरचे पैसे वाचव, मायक्रोमीटर चांगला घे आणि जिथं प्रोब (आवाज सोडणारा आणि परत घेणारा) ठेवणार त्या दोन्ही बाजू घासून घे.

अर्डुइनो का उड्या मारतंय? उनोवर (अर्डुइनोचा साधा बोर्ड) मायक्रोज फंक्शन ४ मायक्रोसेकंदाच्या पायरीनं चालतं, टायमरला ६४ चा प्रीस्केलर, म्हणजे ६४ ठोक्यांचा एक करणारा भाग, आहे आणि घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. म्हणजे ८.९३ मायक्रोसेकंद मोजायला गेलास तर तुला ८ मिळणार नाहीतर १२, आणि वेग एकदा ६२५० येणार, एकदा ४१६७. त्यात इंटरप्टला उशीर लागतो तो वेगळा. तुझं सर्किट अजून तपासायचंच आहे पण या रीडिंगवरून त्याला दोष देता येत नाही, तिथपर्यंत आपण पोचलोच नाही. उनोवरच जरा बरं काम करायचं असेल तर टायमर-१ चा इनपुट कॅप्चर वापर, आठ नंबरची पिन, तिथं इको आला की हार्डवेअर स्वतः आकडा पकडतं, पायरी ६२.५ नॅनोसेकंदाची. वेगात सांगायचं तर साधारण ४० मीटर प्रति सेकंदाची पायरी. चांगला पीस आणि एकदम बिघडलेला पीस एवढं वेगळं होईल, मधले कळणार नाहीत.

इथं लगेच कोण तरी सांगतंय की हजार वेळा मोज आणि सरासरी काढ, पायरी बारीक होतीय. होते, पण एका अटीवर, आणि ही अट फार लोक विसरतात. तुझा पल्स जर त्याच अर्डुइनोच्या घड्याळावरून सुटत असेल तर सुरुवात दर वेळी घड्याळाच्या ठोक्याला चिकटूनच होणार, इको पण दर वेळी त्याच दोन ठोक्यांच्या मधे त्याच जागी येणार, आणि हजार वेळा तोच आकडा येणार. हजार सारख्या आकड्यांची सरासरी म्हणजे तोच आकडा. सरासरीचा फायदा हवा असेल तर पल्स सोडणारं घड्याळ आणि मोजणारं घड्याळ एकमेकांशी न जुळणारी पाहिजेत, म्हणजे इको दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि मग १०० रीडिंगला चूक दहापट कमी होते. पल्सर, म्हणजे पल्स सोडणारं सर्किट, वेगळा ठेव, त्याच्या स्वतःच्या ऑसिलेटरवर चालू दे, म्हणजे काम झालं. अजून एक, उनोवर मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे ८.९३ मायक्रोसेकंदात ४५ नॅनोसेकंद. साधा ५० पीपीएमचा (दहा लाखात ५० चूक) क्रिस्टल असला तर हीच चूक अर्धा नॅनोसेकंद. लहान वेळ मोजायला रुबिडियम नाहीतर जीपीएसचं घड्याळ लागतं असं काही जण सांगतात, ते तासन्‌तास चालणाऱ्या मोजणीला, मायक्रोसेकंदाला साधा क्रिस्टल पुरतो.

आता मूळ मुद्दा. प्रोब २.२५ मेगाहर्ट्झचा असावा असं धरतो, लोखंडाला बहुतेक तोच लावतात. त्याची एक लाट ४४४ नॅनोसेकंदाची. इको म्हणजे सरळ उभी राहणारी पायरी नव्हे, ती पाच-सहा लाटांची माळ असते, पहिली लाट बारीक, दुसरी मोठी, तिसरी अजून मोठी, मग उतरत जाते. तू कंपॅरेटर, म्हणजे सिग्नल ठरावीक व्होल्टच्या वर गेला की खूण करणारं सर्किट, लावलायस आणि त्याला समज अर्ध्या व्होल्टचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती मर्यादा, दिलायस. पीस चांगला, कपलंट (प्रोबखालचं ग्रीस) नीट बसलं, तर पहिलीच लाट अर्ध्या व्होल्टच्या वर जाते आणि घड्याळ तिथं थांबतं. ग्रीस जरा कमी पडलं, पृष्ठभाग खरखरीत आला, इको बारीक झाला, की पहिली लाट थ्रेशोल्डखाली राहते आणि घड्याळ दुसऱ्या लाटेवर थांबतं. किती फरक पडला? ४४४ नॅनोसेकंद. आणि चांगलं लोखंड आणि वर्मिक्युलर लोखंड यांच्यात आपण वर किती काढला? ५००. म्हणजे ग्रीस कमी लागलं एवढ्यावरून चांगला पीस रिजेक्टमध्ये जाणार, किंवा तू गेन वाढवलास तर खराब पीस पास होऊन ग्राहकाकडं जाणार, आणि तो गाडीच्या स्टीअरिंग नकलचा पीस असेल तर काय होईल ते तुला सांगायला नको. काउंटर २० पिकोसेकंदाचा असला काय आणि २ पिकोसेकंदाचा असला काय, तो तुला चुकीच्या लाटेवरचा वेळ फार सुंदर अचूकतेनं सांगेल. या कारणासाठी मी आधी स्कोप लाव म्हणतो, स्कोपवर तुला माळ दिसते, कुठल्या लाटेवर बोट ठेवायलोय ते दिसतं.

लाट तीच पकडली तरी थोडी चूक राहतेच. सिग्नल लहान झाला की चढ कमी होतो आणि तोच थ्रेशोल्ड जरा उशिरा ओलांडला जातो, याला टायमिंगवाले वॉक म्हणतात. आणि सिग्नलवर आवाज, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज असेल तर ओलांडण्याची वेळ पुढंमागं हलते, तो जिटर. त्याचा हिशोब सोपा आहे, नॉइजचे व्होल्ट भागिले सिग्नलचा चढ. दहा मिलिव्होल्ट नॉइज आणि चढ दर मायक्रोसेकंदाला एक व्होल्ट असेल तर १० नॅनोसेकंद हलणार, कुठलाही काउंटर जोडलास तरी हलणारच. चढ सगळ्यात जास्त कुठं असतो? लाट शून्यातून जाते तिथं. म्हणून थ्रेशोल्डनं फक्त लाट निवडायची आणि वेळ पकडायचा तो पुढच्या झीरो क्रॉसिंगवर, म्हणजे लाट लहान-मोठी झाली तरी शून्य ओलांडायची वेळ फार हलत नाही. न्यूक्लिअरवाल्यांनी याच दुखण्यावर कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर काढला, तो ठरावीक व्होल्ट न बघता पल्सच्या स्वतःच्या उंचीचा ठरावीक हिस्सा बघतो, म्हणून पल्स कितीही उंच असला तरी वेळ तीच. तुझ्या कामाला झीरो क्रॉसिंग बास.

सुरुवातीचं टोक पण तेवढंच महत्त्वाचं. बरेच जण पल्सर सुटला तिथून पहिल्या इकोपर्यंत मोजतात. त्या वेळेत प्रोबच्या पुढच्या प्लेटमधून जायचा वेळ, ग्रीसच्या थरातून जायचा वेळ, केबलचा वेळ, सगळं मिसळलेलं असतं. त्यापेक्षा पहिल्या इकोपासून दुसऱ्या इकोपर्यंत मोज, दोन्ही इको त्याच प्रोबमधून त्याच केबलमधून आलेत, सगळी उधारी आपोआप कटते आणि उरतो तो फक्त धातूतला वेळ. फक्त दोन्ही इकोमध्ये तीच लाट धर. एसजीमध्ये जाड आणि खरखरीत पीसला दुसरा इको फार बारीक येतो, तेव्हा पर्याय नसतो, मग झीरो काढून वजा करावा लागतो, ते पुढं सांगतो.

स्कोपचं बोलूया. १०० मेगाहर्ट्झचा, एक गिगासॅम्पलचा साधा डिजिटल स्कोप तुझ्या कामाला भरपूर आहे. बँडविड्थवरून राइज टाइम काढायचा नियम म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, तुझी लाट ४४४ ची, काहीच अडचण नाही. पण पूर्ण स्क्रीनवर दोन्ही इको दाखवून कर्सर डोळ्यानं लावू नको, तिथं एकेक ठिपकाच दहा-वीस नॅनोसेकंदाचा असतो. डिले झूम लावून एकेक इको मोठा कर, ६४ चं ॲव्हरेजिंग लाव, झीरो क्रॉसिंग वाच. त्याहून चांगलं करायचं तर डेटा पेनड्राइव्हवर घे आणि कॉम्प्युटरवर दोन इकोंचं क्रॉस-कोरिलेशन कर, म्हणजे एक माळ सरकवत सरकवत दुसऱ्या माळेवर बसवायची आणि कुठं सगळ्यात नीट बसते ते बघायचं. पूर्ण माळ वापरली जाते म्हणून एका लाटेच्या नॉइजनं फारसं बिघडत नाही, आणि शिखरावर पॅराबोला बसवलास तर एका सॅम्पलपेक्षा बारीक वेळ निघतो. फक्त एका लाटेच्या फरकानं दुसरं शिखर पण जवळपास तेवढंच उंच असतं, तिथं डोळा ठेव.

तू विचारलायस की काउंटर नॅनोसेकंदाच्या खाली जातात कसे, घड्याळ तर १० मेगाहर्ट्झचं असतं. हा भाग मला फार प्रिय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. घड्याळाचे पूर्ण ठोके मोजणं सोपं, प्रश्न असतो दोन टोकांना उरलेल्या तुकड्यांचा, सुरुवातीपासून पहिल्या ठोक्यापर्यंत आणि शेवटच्या ठोक्यापासून शेवटापर्यंत. ते तुकडे मोजायला इंटरपोलेटर लावतात. एक पद्धत म्हणजे तेवढा वेळ एका कपॅसिटरमध्ये ठरावीक करंट सोडायचा. १ मिलिअँपिअर करंट आणि १०० पिकोफॅरड कपॅसिटर धर, दर नॅनोसेकंदाला १० मिलिव्होल्ट चढतात, ते व्होल्ट एडीसीनं, म्हणजे व्होल्टचा आकडा करणाऱ्या सर्किटनं, वाचले की वेळ कळला. एडीसी नसेल तर तोच कपॅसिटर हजारपट सावकाश रिकामा करायचा आणि रिकामा व्हायला किती ठोके लागले ते मोजायचे, १०० नॅनोसेकंदाचा ठोका मग ०.१ नॅनोसेकंदासारखा काम करतो. ही वेळ व्होल्टमध्ये बदलायची युक्ती कॉस्मिक किरणांच्या कामातून आलीय, ब्रूनो रोसी आणि नेरेसन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युऑन नावाचा कण किती वेळ जगतो ते असंच मोजलं, दोन मायक्रोसेकंदाच्या जरा वर. व्हॉल्व्हच्या जमान्यात, हे लक्षात घे.

दुसरी पद्धत व्हर्नियरची, तुझ्या हातातल्या कॅलिपरचीच. दोन ऑसिलेटर घ्यायचे, वारंवारिता किंचित वेगळी, एक सुरुवातीच्या पल्सनं चालू करायचा, आणि दोघांचे ठोके कितव्या वेळी एकावर एक बसतात ते मोजायचं. एचपीचा ५३७० हा काउंटर याच तत्त्वावर चालतो, आत २०० मेगाहर्ट्झ म्हणजे ५ नॅनोसेकंदाचा ठोका, आणि व्हर्नियरनं त्याचे २५६ भाग, ५ नॅनोसेकंद भागिले २५६ म्हणजे साडेएकोणीस पिकोसेकंद, तोच तुला विकायला आलेला २० पिकोसेकंदाचा आकडा. स्टॅनफोर्ड रिसर्चचा एसआर६२० हा त्याच तोडीचा, २५ पिकोसेकंदाचा. अशी मशीन कॅलिब्रेशन लॅबला, लेझर रेंजिंगला, दोन अणुघड्याळांची तुलना करायला लागते. जुन्या मशीनला पंखा, पॉवर सप्लाय, कपॅसिटर बदलावे लागतात आणि वॉर्म-अपला वेळ द्यावा लागतो, फाउंड्रीच्या धुळीत ती ठेवायची जागाच नव्हे.

तिसरी पद्धत टीडीसीची. चिपमध्ये छोट्या छोट्या गेटची साखळी असते, प्रत्येक गेटला काही पिकोसेकंद उशीर लागतो, सुरुवातीचा पल्स साखळीतून धावत सुटतो आणि शेवटचा पल्स आला की तो कितव्या गेटपर्यंत पोचला ते वाचायचं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीडीसी७२०० घे, रिझोल्यूशन ५५ पिकोसेकंद, दोन मोड आहेत, पहिला १२ ते ५०० नॅनोसेकंद, दुसरा २५० नॅनोसेकंद ते ८ मिलिसेकंद. तुला दुसरा मोड लागणार. अर्डुइनोला एसपीआयवरून (चिप-चिपमधली तारांची जोडणी) जोडते, बाहेरून चांगल्या क्रिस्टल ऑसिलेटरचं घड्याळ दे, ८ मेगाहर्ट्झ चालतं. एका स्टार्टनंतर पाच स्टॉपपर्यंत नोंद घेते, म्हणजे पहिला इको आणि दुसरा इको एकाच वेळी मिळाले, वजाबाकी केली की झालं. आणि त्यात स्टॉप मास्क म्हणून सोय आहे, सुरुवातीचा इतका वेळ कुठलाही स्टॉप धरू नको असं सांगता येतं, ती नक्की वापर नाहीतर पल्सरच्या थरथरीलाच ती इको समजेल. अल्ट्रासॉनिक पाणी मीटरमध्ये अशाच चिप असतात, त्यामुळं माहिती भरपूर मिळते.

एक इशारा, पल्सरचा फटका शेकडो व्होल्टचा असतो. प्रोबची तीच वायर थेट स्कोपला, कंपॅरेटरला नाहीतर चिपला गेली की चिप संपली. मधे रेझिस्टर आणि उलट-सुलट जोडलेले दोन डायोड घाल, फटका डायोडवर जातो, इको बारीक असतो तो पुढं जातो.

केबल आणि जागा. साध्या आरजी५८ केबलमध्ये सिग्नलला दर मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात. स्टार्टची केबल एक मीटर आणि स्टॉपची तीन मीटर असेल तर १० नॅनोसेकंदाची कायमची चूक घरातच तयार केलीस. हे तपासायला एकच पल्स बीएनसीच्या टी मधून दोन्ही चॅनलला दे, शून्य यायला पाहिजे, जे येईल ते लिहून ठेव, मग केबल अदलाबदल करून परत बघ. तीच गोष्ट उलटी वापरून काउंटर किंवा चिप तपासता येते, दोन मीटर केबल मुद्दाम वाढव, १० नॅनोसेकंद वाढले का बघ. पल्स वाहणाऱ्या केबलचं दुसरं टोक ५० ओहमनं बंद कर, नाहीतर पल्स परत फिरून येतो आणि तुला खोटी टोकं दिसतात. फाउंड्रीत सगळ्यात मोठा त्रास इंडक्शन फर्नेसचा, थायरिस्टर जिथं स्विच होतात तिथं अणकुचीदार स्पाइक सुटतात आणि प्रोबची केबल ते अँटेनासारखं उचलते. मोजणीचं टेबल फर्नेसच्या पॅनलपासून लांब ठेव, शक्य असेल तर बॅटरीवर चालव, आणि एकदा फर्नेस चालू असताना आणि एकदा बंद असताना त्याच पीसचं रीडिंग घेऊन बघ, फरक पडला तर मेटलर्जीचा विचार नंतर, आधी वायरिंग.

स्टँडर्ड म्हणून व्ही-१ ब्लॉक (ठरावीक मापाचा स्टीलचा ठोकळा) घे, कुणाकडं तरी मिळेलच, अल्ट्रासॉनिक टेस्टिंगवाल्या प्रत्येकाकडं असतो. २५ मिलिमीटर जाडी, स्टीलमध्ये वेग ५९२० मीटर प्रति सेकंद, म्हणजे इको ते इको ८.४४६ मायक्रोसेकंद यायला पाहिजे. हे आलं की तुझं घड्याळ आणि तुझी लाट निवडायची रीत दोन्ही बरोबर. मग त्याच ब्लॉकवर पल्सरपासून पहिल्या इकोपर्यंतचा वेळ घे, त्यातून ८.४४६ वजा कर, उरला तो प्रोब-केबलचा झीरो, जिथं दुसरा इको येत नाही त्या पीसला हा वजा करत जा. प्रोब झिजतो, म्हणून रोज सकाळी परत घे.

आता तो थिकनेस गेज. त्याच्यात पण हेच होतंय, तो वेळ मोजतो आणि त्याला दिलेल्या वेगानं गुणून जाडी दाखवतो. त्याला ५९२० वर ठेव आणि मायक्रोमीटरनं मोजलेल्या २५ मिलिमीटरच्या पीसवर लाव. वेग ५६०० असेल तर तो २६.४३ दाखवणार, ५३०० असेल तर २७.९२. खरा वेग म्हणजे ५९२० गुणिले खरी जाडी भागिले दाखवलेली जाडी. गेज फक्त ०.१ मिलिमीटरपर्यंत दाखवत असला तरी वेग २० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास कळतोय, तुझ्या उनोपेक्षा दुप्पट बरं, आणि खर्च शून्य. ०.०१ दाखवणारा असेल तर मग काय बोलायलाच नको. लाट चुकायचा धोका त्यातही आहेच, म्हणून संशय आला की स्कोप.

याच्या खाली लोक कुठपर्यंत गेलेत तेही विचारलायस. इलेक्ट्रॉनिक काउंटर पिकोसेकंदाच्या जवळ येऊन थांबतात. पुढं स्ट्रीक कॅमेरा, त्यात प्रकाशाचं रूपांतर इलेक्ट्रॉनमध्ये करून ते इलेक्ट्रॉन झपाट्यानं बाजूला वळवतात, आधी आलेले वर, नंतर आलेले खाली, म्हणजे वेळेची पट्टी पडद्यावर उमटते. फेम्टोसेकंदाला कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स पुरत नाही, तिथं प्रकाशाचा पल्स स्वतःच्याच उशिरा आणलेल्या नकलेवर टाकून मोजतात, आरसा मायक्रॉननं सरकवायचा, तिथं लांबी हेच घड्याळ. ॲटोसेकंदाच्या पल्सच्या कामाला २०२३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, अगोस्तिनी, क्राउझ आणि ॲन लुइलिए यांना. पण गंमत अशी आहे की लांबी मोजून वेळ काढायची ही रीत जुनीच, १८४९ मध्ये फिझोनं पॅरिसजवळ ७२० दातांचं चाक फिरवून ८६३३ मीटर लांबच्या आरशापर्यंत प्रकाश पाठवला, सेकंदाला १२.६ फेऱ्या झाल्या की परत आलेला प्रकाश पुढच्या दातावर अडला, म्हणजे त्यानं ५५ मायक्रोसेकंद मोजले, तुझ्या उद्यमबागेत रोज कापतात तसल्या दातांच्या चाकावर.

शेवटचं, मशीन बसवल्यावर कट-ऑफ कसा ठरवायचा. कास्टिंग गार होऊ दे, तापमान ५० डिग्रीनं जास्त असलं तर वेग साधारण एक टक्का कमी दिसतो, म्हणजे नॉकआउटनंतर (साचा फोडून काढल्यावर) गरम असतानाच मोजलंस तर चांगला पीस पण संशयित वाटणार. पीस निवडताना लॅडलमधला शेवटी ओतलेला बॉक्स नक्की घे, मॅग्नेशियम फेड, म्हणजे हळूहळू कमी, होतंय ते तिथं आधी दिसतं. एकाच पार्टचे चांगले, मधले, खराब असे पंधरा-वीस पीस जमव, ज्या जागी प्रोब ठेवला त्याच जागी खूण करून वेग लिही, मग तिथंच कापून मायक्रोस्कोपखाली बघ आणि नोड्युलॅरिटीचा, म्हणजे किती ग्राफाइट गोल झालंय त्याचा, टक्का समोर मांड. वेग ग्राफाइटच्या आकाराबद्दल सांगतो, पर्लाइट-फेराइटबद्दल (लोखंडाच्या अंगातले कडक आणि मऊ भाग) फारसं सांगत नाही, म्हणून हार्डनेस वेगळा घ्यावाच लागणार. दुसऱ्या फाउंड्रीचा ५५०० चा आकडा उचलून तसाच कंट्रोल प्लॅनमध्ये टाकू नको, तुझ्या ग्राफवर ग्राहकाला हवा असलेला टक्का जिथं येतो तिथली रेघ धर, तिच्यात तुझ्या मोजणीची चूक मिळव, आणि प्रत्येक पार्टसाठी ती रेघ वेगळी ठेव.